आदी फट, मग तूस

घर भाड्यानं देताना माणसं विचारतात, तुम्ही किती जण, गाव कोणतं, नोकरी कुठं. रत्नागिरीच्या आमच्या घरमालकांनी यांना पहिलाच प्रश्न विचारला तो असा, "रावसाहेब, दार लावताना तुमी आपटता की लोटता?"

हे कचेरीतले साधे कारकून. रावसाहेब म्हटल्यावर आधीच गोंधळलेले. "लोटतो," म्हणाले.

"मग ऱ्हावा," मालक म्हणाले आणि किल्ली यांच्या हातात ठेवली.

आपटणाऱ्याला त्यांनी घर दिलंच नसतं. दार आपटून आपटून चौकट भिंतीपासून सुटते, आणि चौकट सुटली की तिच्या कडेनं वारा आत येतो, हे मला पुढं कळलं. त्या दिवशी मी डोक्यावरचा पदर सावरत सासूबाईंकडं बघितलं आणि सासूबाईंनी माझ्याकडं. आम्ही घाटावरच्या बायका. आपण एका वेड्याच्या दारात येऊन पडलो, असं दोघींनाही एकदमच वाटलं.

त्यांचं नाव सांगत नाही. बंदरावरही त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे, सगळे मालकच म्हणत. त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एक लहानसं अंगण होतं. त्यांच्या ओटीवर बसलं की आमची पूर्वेकडची भिंत समोर. साठीच्या आसपासचा, काटक, गुडघ्यात वाकलेला माणूस. बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. अंगाला राळेचा वास. आंघोळ करून आले तरी तो जात नसे.

उभा जन्म त्यांनी गलबतांच्या फटी बुजवल्या होत्या. फळी आणि फळी यांच्यामध्ये जी रेघ असते तिच्यात कापसाची वात पटाशीनं ठोकून बसवायची आणि वर राळ आणि उंडीचं तेल कढवून भरायचं, हा त्यांचा धंदा. पावसाळ्यात गलबतं किनाऱ्यावर ओढलेली असत. नारळी पौर्णिमा जवळ आली की हर्ण्यापासून नाखव्यांची बोलावणी यायची. मालक जायचे, गलबताच्या पोटाला कान लावून लाकडी मोगरीनं ठोकत एक फेरी मारायचे आणि सांगायचे, हिथं आणि हिथं. तिथं फट निघायचीच. "माज्या हातच्या गलबतात पाणी आल्याचा कोणी सांगूदे," हे वाक्य त्यांनी मला निदान शंभरदा ऐकवलं असेल. सांगणारा कुणी कधी आला नाही, हे मात्र खरं.

गुडघे गेले तसं गलबतावर चढणं सुटलं. मग त्यांनी आपली सगळी विद्या घरावर काढली. "घर म्हंजे पालथां गलबत," ते म्हणत. "त्यात भायलां पाणी येता नये, ह्यात भायला वारा येता नये. काम एकच."

रत्नागिरीच्या बाजूला पावसाळ्यापूर्वी घराच्या पश्चिम अंगाला नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं बांधतात. कुणी माळ्यावर भाताचं तूस पसरतात, म्हणजे खाली ऊब राहते. मालकांचा याला विरोध नव्हता, पण उलट्या क्रमाला होता. भिंतीला भोकं तशीच ठेवून वरून झापं लावणारा माणूस दिसला की ते रस्त्यात थांबून त्याला बोल लावायचे. "भोक पडल्या सदऱ्यावर शाल पांघरतोस काय रे?" आणि मग त्यांचं ते ठरलेलं, बोट वर करून, "आदी फट, मग तूस."

फट शोधायची त्यांची रीत अशी, की सोसाट्याच्या दिवशी दारं-खिडक्या लावून घ्यायच्या आणि पेटलेली उदबत्ती हातात धरून भिंतीच्या कडेकडेनं चालायचं. चौकटीपाशी, खुंटीपाशी, भिंत संपून वासे सुरू होतात तिथं, देवाच्या कोनाड्यात, मोरीच्या तोंडाशी. धूर सरळ वर गेला तर पुढं. धूर वाकला की थांबायचं. "वारा डोळ्यांस दिसत नाय गो बाय, धूर दिसतो." याला ते फिरती म्हणायचे. फिरतीच्या वेळी घरात कुणी बोललेलं, पदर हलवलेला, फार काय, जोरानं श्वास टाकलेलाही त्यांना खपत नसे.

एकदा आळीतल्या एका वकिलांकडं सत्यनारायण होता. भटजींची कथा रंगात आलेली. मालक मागं बसले होते, ते उठले, देवापुढची एक उदबत्ती उचलली. आम्हाला वाटलं, भक्ती उचंबळून आली असेल. तर हे देवाकडं पाठ करून निघाले थेट कोपऱ्यातल्या खिडकीकडं. उदबत्ती चौकटीवरून फिरवली आणि मोठ्यांदा म्हणाले, "हां! गावला!" भटजी थांबले. सगळी मंडळी वळून बघायला लागली. मालकांनी भटजींकडं बघून हात केला, "चालू द्या, चालू द्या. तुमचा तुमी, माजा मी."

वकील लाल झाले होते. पण त्या खिडकीखाली त्यांची आई दिवसभर बसायची आणि बारा महिने तिचा कान ठणकायचा. दुसऱ्या दिवशी मालक वाटीत राळ घेऊन, न बोलावता, तिथं हजर. कानाचं पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही, पण त्या वर्षीपासून वकिलांकडून दिवाळीचा फराळ मालकांना जायला लागला, एवढं मी पाहिलंय.

हे सगळं मी हसत सांगतेय. पण त्या घरात आम्ही आलो तेव्हा मला हसू येत नव्हतं.

आधीच्या वर्षी आम्ही राजापूरला होतो. ऐन आषाढात माझा पहिला मुलगा जन्मला आणि अकराव्या दिवशी गेला. गारठला. सासूबाईंनी काय करायचं ठेवलं होतं? खोलीच्या चारी भिंतींना गोधड्या टांगल्या, खिडकीला घोंगडी, बाजेखाली दिवसरात्र शेगडी. तरी खोली गारच. आता रत्नागिरीत मला पुन्हा दिवस गेले होते आणि पुन्हा पावसाळ्यातच, श्रावणात, दिवस भरणार होते. वैशाखातच सासूबाईंनी गोधड्या उन्हात घालायला काढल्या, त्यावरून मी त्यांची धास्ती समजले.

मालकांनी त्या गोधड्या पाहिल्या आणि विचारलं, एवढ्या कशाला? सासूबाई आत निघून गेल्या. मग मीच सांगितलं, राजापूरचं सगळं. लोक असं ऐकलं की देवाची इच्छा म्हणतात, पुन्हा होईल म्हणतात. मी सांगता सांगता सहज बोलून गेले, की भिंतीवरची गोधडी मधूनच फुगायची, मागं कुणी उभं असल्यासारखी.

मालक पुढं सरकले. "फुगायची? खंयच्या अंगास?"

"पश्चिमेकडची. खुंटीच्या खाली."

"मग वारा गोदडीच्या मागनं येत होता, बाय. गोदडी काय करील? तुमच्या हातून कमी नाय झाला. भिंतीत भोक होतां."

मला त्यांचा भयंकर राग आला. माझं मूल गेलं आणि हा माणूस भोकाचं बोलतो! आत जाऊन मी दाराला पाठ लावून बसले आणि वर्षभरात पहिल्यांदा पोटभर रडले. रडून झाल्यावर मात्र मनावरचं एक ओझं उतरलं. वर्षभर मी स्वतःला अपशकुनी समजत होते. ते बहुधा एक भोकच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक कापूस, पटाशी आणि राळेचं मडकं घेऊन आमच्या दारात उभे राहिले. "बाळंतिणीची खोली दाखवा," म्हणाले.

तीन आठवडे त्यांचं काम चाललं. चिऱ्यांच्या सांध्यात चुना आणि गुळाचं पाणी, लाकडाच्या सांध्यात कापूस आणि राळ. माळ्याच्या फळ्यांमधली एकेक रेघ त्यांनी उताणं पडून भरली, साठीच्या वयात, डोळ्यांत राळ पडते म्हणून एक डोळा मिटून. मधेच कुळानं तुसाची पोती आणून ओटीवर टाकली. सासूबाईंना धीर कुठला! "पसरून घ्या की माळ्यावर, पाऊस तोंडावर आलाय." मालक जाऊन त्या पोत्यांवर मांडी घालून बसले. "फिरती पास झाल्याबिगर एक मूठ वर जायची नाय."

यांच्या सुटीच्या दिवशी खारा वारा सुटला तेव्हा फिरती झाली. धूर सात ठिकाणी वाकला. पुढच्या वेळी तीन ठिकाणी. चौथ्या फिरतीला मालक सगळी खोली फिरले, दोरी धरल्यासारखा धूर सरळ वर गेला, आणि त्यांनी उदबत्ती विझवून कानावर अडकवली. "चढवा तूस." हे कचेरीतले रावसाहेब कंबरेला पंचा गुंडाळून पोती वर नेऊ लागले.

आणि मग मालकांनी काय केलं? पहार घेतली आणि पूर्वेच्या भिंतीला, वर, वळचणीच्या खाली, नारळ जाईल एवढं भोक पाडलं.

सासूबाई कपाळाला हात लावून मटकन खाली बसल्या. "अहो, तीन आठवडे भोकं बुजवलीत आणि आता नवं पाडता? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"वयनी, ती वाऱ्याची होती. ह्यां माजां." मालक शांतपणे म्हणाले. उंबऱ्याखाली दोन बोटं फटही त्यांनी तशीच ठेवली होती. "खाली एक, वर एक. वारा आमी सांगू त्या वाटेनं येयाचा नि आमी सांगू त्या वाटेनं जायाचा. त्याच्या मनानं नाय."

श्रावणात मुलगी झाली. बाहेर आठ-आठ दिवस झड लागलेली, माड वाकून जमिनीला टेकताहेत असं वाटायचं, आणि माझ्या खोलीत दिव्याची ज्योत हलत नव्हती. भिंतीवरच्या गोधड्या निपचित लोंबत होत्या. मी बाजेवर पडल्या पडल्या तासन्तास त्या गोधडीकडं बघत राहायचे, फुगते का म्हणून. नाही फुगली. मला इतका अभिमान वाटायचा, जणू ते घर मीच बांधलं होतं.

रोज सकाळी माझं न्हाणं झालं, की सासूबाई शेगडीवर ओवा, शेपा, वावडिंग टाकून धुरी द्यायच्या. तो धूर वरच्या भोकातून बाहेर पडायचा. समोरच्या ओटीवर मालक बसलेले असायचे. धूर दिसला की म्हणायचे, "दिसला." मगच चहाचा पेला तोंडाला लावायचे. आम्हाला आत ऐकू यायचं. सासूबाई पुटपुटायच्या, "काय तरी एकेक खूळ."

सातव्या दिवशी वारा फिरला. पूर्वेचा एक झोत त्या भोकातून आत आला, थेट बाजेवर. पोर दोनदा शिंकली. सासूबाईंच्या तोंडावर मला राजापूर दिसलं. त्यांनी जुन्या लुगड्याचा बोळा केला, काठीनं त्या भोकात गच्च बसवला. उंबऱ्याशी एक घोंगडी दाबली, खिडकीला दुसरी लावली. शेगडीत आणखी कोळसे घातले, धुरी दिली, दार लोटून त्या स्वयंपाकाला लागल्या.

खरं सांगते, मला फार बरं वाटलं. मनात आलं, आता कुठं ऊब आली. थोडं डोकं दुखत होतं, पण बाळंतिणीचं काय, काहीतरी दुखतंच. पोर शांत झोपली होती. मलाही झोप येत होती. हातपाय जड झाले होते, तेसुद्धा चांगलंच वाटत होतं.

मग अंगणातून आवाज आला. "वयनी, धूर खंय गेला?"

"तुम्हाला काय करायचंय?" सासूबाई चुलीजवळूनच म्हणाल्या.

"आज धूर नाय दिसला. भोक बुजवलात काय?"

"बुजवलं. माझी नात आहे ती!"

पुढचं मला तुटक तुटक आठवतं. पावलं वाजली. खोलीच्या दाराशी सासूबाई हात आडवे करून उभ्या राहिल्या होत्या, "सोयर आहे, दहा दिवस झाले नाहीत, परक्या पुरुषानं पाऊल टाकायचं नाही!" आणि मालकांचा आवाज, कधी ऐकला नव्हता असा, "उद्या मला वाळीत टाका, वयनी. आज बाजूस व्हा."

दार उघडलं. त्यांनी आधी पोर उचलली आणि सासूबाईंच्या हातात दिली, "भायेर. पावसात. आदी भायेर!" खिडकीला लावलेली घोंगडी ओढून काढली, खिडकी ढकलली. बाजेखालची शेगडी तशीच दोन्ही हातांनी धरून अंगणात नेऊन टाकली. मग येऊन मला धरून उभं केलं आणि ओटीवर आणून बसवलं. पावसाचे शिंतोडे तोंडावर आले तेव्हा मला ओकारी झाली आणि सगळं जग गरगरलं.

सासूबाई ओटीच्या कडेला बसल्या होत्या. ज्या वाऱ्यापासून त्यांनी पोरीला सात दिवस लपवलं होतं, तोच वारा तिच्या तोंडावर घेत होत्या. पोर हलत नव्हती. मालक पुढ्यात उकिडवे बसून तिच्या तळपायांना टिचक्या मारत होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिनं तोंड वाकडं केलं, आणि रडली. अशी रडली, की आळीतून वकिलांची आई, कान ठणकणारी, बाहेर येऊन विचारू लागली, काय झालं म्हणून.

सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बोलल्या त्या फणकाऱ्यानंच. "तुम्हाला कसं कळलं?"

मालक आपल्या हाताकडं बघत होते. तळहात शेगडीनं पोळले होते. "आमी तरणे होतो तेव्हा गलबत उत्तरेस होतां. तिथं थंडी मोठी. मागच्या खोलीच्या फटी मी बुजवल्या, अशा की पाण्याचा थेंब नाय, वारा नाय. दोघांनी शेगडी आत घेतली नि दार लावून निजले. सकाळी उठले नाय. एक माजा धाकटा भाऊस." त्यांनी पोळलेला हात मांडीवर पालथा ठेवला. "लोक कोळशास नाव ठेवतात. फट माज्या हातानं बुजवलेली. तेव्हापासनं एक भोक माजां असतां."

मग ते उठले आणि आपल्या ओटीवर गेले. थोड्या वेळानं सासूबाई कढत पाण्याची घागर स्वतः कंबरेवर घेऊन अंगण ओलांडून गेल्या, वाटीत लोणी घेऊन, हाताला लावायला. घागर त्यांच्या पायरीवर ठेवली. "सोयर लागलंय तुम्हाला. न्हाऊन घ्या," म्हणाल्या. यापलीकडं त्यांनी मालकांचे आभार कधी मानले नाहीत. परत येऊन काठीनं तो बोळा ढकलून काढला, चुलीत घातला, आणि धुरी पुन्हा पेटवली.

"दिसला," समोरून आवाज आला.

त्या घरात आम्ही पुष्कळ वर्षं राहिलो. यांनी दोन बदल्या खटपट करून टाळल्या त्या त्या घरासाठी, असं मी आजही म्हणते. आळीत कुणाकडं बाळंतपण असलं की मालकांना बोलावणं जायचं आणि मालकांबरोबर सासूबाईही जायच्या. मालक फटी बुजवायचे आणि सासूबाई त्या घरच्या बायकांना बजावायच्या, वरच्या भोकाला हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे. एका वर्षी चुना लावायला आलेल्या गवंड्यानं आमचं भोक बुजवायला म्हणून ओल्या चुन्याचा गोळा उचलला. सासूबाईंनी खालून त्याची शिडीच धरली. "खाली उतर. ते मालकांचं आहे." समोर मालक ऐकत बसले होते. त्या दिवशी ते बंदरावर जाऊन भेटेल त्याला सांगत सुटले, "आमची वयनी तयार झाली!"

मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमारास मालकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. आधी लांबचं जाईना, मग जवळचंही. फिरती बंद झाली. दिवसभर ओटीवर बसायचे आणि पावलांच्या आवाजावरून माणसं ओळखायचे. एक सवय तेवढी सुटली नाही. रोज सकाळी, चहाचा पेला हातात घेऊन, आमच्या भिंतीकडं तोंड करून विचारायचे, "वयनी, दिसतो काय?"

"दिसतो," सासूबाई अंगणातून सांगायच्या. मग ते चहा प्यायचे.

आता त्या खोलीत बाळंतीण नव्हती, शेगडी नव्हती. तिथं आम्ही पाट आणि रिकामे डबे ठेवत होतो. मला वाटायचं, सासूबाई म्हाताऱ्याचं मन राखायला आपलं म्हणतात. त्यात काय बिघडलं?

एकदा सकाळी मी डबा आणायला त्या खोलीत गेले, तर सासूबाई तिथं गुडघे धरून बसलेल्या. पुढ्यात खापरात दोन निखारे, त्यावर त्या चिमूट चिमूट ओवा टाकत होत्या. धूर सरळ वर चढून भोकातून बाहेर जात होता.

"हे काय, आई? रोज करता?"

"मग? रोज विचारतात ते."

"अहो, पण त्यांना दिसतंय कुठं? नुसतं दिसतो म्हटलं तरी चालेल की."

सासूबाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी अजून कालच आलेली सून आहे. "त्यांना दिसत नाही," म्हणाल्या. "मला दिसतं ना."

बाहेरून हाक आली. सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, अंगणात गेल्या, मान वर करून वळचणीकडं नीट पाहिलं, आणि मगच उत्तर दिलं.